कावेरीचा मुरगळलेला पाय

माझ्या हातून आजवर चार खून झाले. त्यांपैकी दोन फसले, तिसऱ्याचा आळ सुनेवर गेला आणि चौथा माणूस वर्षभरानं नवा चेहरा घेऊन परत आला, कारण जुन्या नटाला दुसरीकडे काम मिळालं होतं. याशिवाय तीन मृत्युपत्रं बदलली, केळीची एक बाग पेटवली, आणि सासूच्या खिरीत काय काय कालवलं याचा हिशेब माझ्यापाशीही नाही. एवढं सगळं करून मी सात वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला लोकांच्या घरात जात होते आणि लोक जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन माझी वाट बघत होते.

संपादकबाईंचा फोन आला, तुमच्या कारकिर्दीवर लिहा म्हणाल्या. कारकीर्द मोठ्या माणसांची असते. मी दीपनगरच्या वीजकेंद्रात टेलिफोन ऑपरेटर म्हणून एकोणतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले, कॉलनीच्या गणपतीत आणि हौशी स्पर्धांत नाटकं केली, आणि निवृत्तीनंतर जळगावला मेहरूणच्या तळ्याजवळ घर घेतलं. पुढचा बेत रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारण्याचा होता. तो महिनाभर टिकला, आणि मग मी खलनायिका झाले.

मालिकेचं नाव लिहीत नाही. वाहिनीच्या वकिलांना माझ्यापेक्षा जास्त रिकामा वेळ असतो. ज्यांनी बघितली त्यांना कावेरी म्हटलं की पुरे. ज्यांनी बघितली नाही त्यांना थोडक्यात सांगते. कावेरी ही तापीकाठच्या एका मोठ्या बागायतदाराची बायको. दोन लहान मुलांना टाकून ती एके दिवशी घर सोडून जाते. चौदा वर्षांनी पांढऱ्या गाडीतून, काळा चष्मा लावून परत येते, आणि घर, शेत, सून, नातवंडं सगळं मुठीत घ्यायच्या मागे लागते. मुलं तिला आई म्हणत नाहीत. ‘ती बाई’ म्हणतात. सात वर्षं हे एवढंच चाललं होतं, फक्त साड्या बदलत होत्या.

कंपनी मुंबईची, पण त्यांना म्हणे नवा मुलूख दाखवायचा होता. म्हणून शिरपूरच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावाबाहेर बंगला भाड्यानं घेतला आणि आसपासच्या नटमंडळींना चाचणीला बोलावलं. दिग्दर्शक माझ्या मुलाच्या वयाचा, पण सगळे सर म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागले. तो म्हणाला, एकही वाईट शब्द न वापरता समोरच्याचा अपमान करून दाखवा. माझं माहेर अमळनेरजवळचं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी जमतात, झोके खेळतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि मग नाल्याच्या दोन काठांवर दोन गावांच्या बायका उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. हे भांडण नाही, सण आहे. माझी चुलती त्यातली पट्टीची. ती सांगायची, शिवी देताना तोंड हसतं ठेवायचं, ज्या काठाचं हसू आधी गेलं तो काठ हरला. मी सरांकडे बघून चुलतीसारखी हसले आणि त्यांच्या बुटांची, दाढीची आणि आईच्या संस्कारांची गोड शब्दांत चौकशी केली. त्यांचं हसू गेलं आणि मला काम मिळालं.

या धंद्याविषयी बाहेरच्या माणसांचे बरेच गैरसमज असतात. लोकांना वाटतं आम्हाला कथा माहीत असते. आम्हाला उद्याचं सोडा, दुपारचं माहीत नसतं. लेखक मुंबईत बसून लिहितो आणि सकाळी प्रसंग मोबाईलवर येतो. मेकअपला बसल्यावर कळतं की आज आपण कुणाला तरी जिन्यावरून ढकलणार आहोत. रोज एक भाग दाखवायचा म्हणजे रोज एक भाग तयार व्हायला हवा. चार-सहा भाग पुढचे शिल्लक असले की त्याला बँक म्हणतात. बँक भरलेली असली की सर विनोद सांगतात, आटली की जेवणाची सुट्टी अर्ध्यावर येते. आमची बँक सात वर्षांत फार वेळा भरली नाही.

खलनायिकेचं मुख्य काम उभं राहण्याचं असतं. वाक्य झालं की हलायचं नाही, पापणी लववायची नाही, मनात अकरा आकडे मोजायचे. तेवढ्यात कॅमेरा तीनदा जवळ येतो आणि नंतर मुंबईत त्यावर ढोल वाजवतात. सुरुवातीला मी दहाव्या आकड्याला शिंकले होते. शिवाय कावेरीला झोपतानासुद्धा भरजरी साडी आणि नथ असायची. माझा नवरा टीव्हीसमोर बसून म्हणायचा, घरी मात्र तू गाऊनवरच कट करतेस. हे गृहस्थ सात वर्षं माझा एकेक गुन्हा बघत माझ्याच हातचं जेवले, त्यांचं कौतुक वेगळं लिहायला हवं.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची भेटली. जळगावच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशीनं मला भरताची वांगी द्यायला साफ नकार दिला. आधी सुनेची माफी माग, मग वांगी. मी तिथंच उभ्या उभ्या, हात जोडून, नसलेल्या सुनेची माफी मागितली. मग तिनं निवडून वांगी दिली आणि वर मिरच्या टाकल्या. धुळ्याचे एक आबा तर एस्टीनं थेट घरी आले. पिशवीतून कागद काढले आणि आवाज खाली करून विचारलं, तुम्ही दिराचा अंगठा झोपेत कसा घेतला ते जरा समजावून सांगा. मी सांगितलं, आबा, तो अंगठा कला विभागातल्या मुलाचा होता आणि तो जागा होता. त्यांचा विश्वास बसला नाही. शिकवायचं नसेल तर तसं सांगा म्हणाले आणि चहा न घेता गेले.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण ही लेखणी उचलली ती दोन माणसांसाठी.

पहिला भागवत. आमच्या युनिटची गाडी चालवायचा. गाव तिथलंच, वय तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं. आठवडाभर मी शिरपूरला राहायचे आणि शनिवारी तो मला जळगावला सोडायचा. सव्वादोन-अडीच तास आम्ही आपल्या खानदेशी बोलीत बोलायचो. मुलगा ओम शाळेत काय बोलला, केळीचे घड कसे उतरले, असलं. मालिका तो बघत नाही म्हणायचा, पण कुठल्या भागात काय झालं ते त्याला माझ्याआधी माहीत असायचं. एकदा चोपड्याच्या पुढं गाडी हळू करून तो म्हणाला, “ताई, एक सांगू? तिले शेवटले घरमा लेवू नका.”

मी म्हटलं, कुणाला? तर म्हणाला, कावेरीला. पोरांना टाकून गेलेल्या बाईला कितीही रडली तरी घरात घेऊ नका, लेखकाला सांगा. मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही.

दुसरी अनुसया अक्का. लग्न, बारसं, पंचायत असले प्रसंग असले की गर्दीसाठी गावातल्या बायका बोलवायचे, त्यांत ती असायची. पन्नाशी उलटलेली, काटक, कपाळाला मोठं गोंदण. बाकीच्या बायका मला बघितलं की आधी बोटं मोडायच्या आणि मग हळूच माझ्या साडीचा काठ चाचपायच्या. अक्का लांब बसून नुसती बघायची. कावेरीला शिव्या न देणारी त्या गावातली ती एकटीच बाई होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, “तिन्हं पुढे काय व्हई? पोरं घरमा लेतीन का तिले?”

मी म्हटलं, ते लेखकालाच ठाऊक. खरं तेच होतं, पण ते ऐकून तिनं भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. मला तेव्हा काही कळलं नाही. एकोणतीस वर्षं मी लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले, आणि या दोघांचे प्रश्न एकाच घरातून येताहेत हे मला कळायला चार महिने लागले.

ते कळलं केसांना पिना लावणाऱ्या मुलीकडून, तीही गावचीच. भागवत हा अक्काचा मुलगा. नवरा दारू पिऊन मारायचा, म्हणून भागवत अकरा वर्षांचा असताना अक्का बहिणीकडे सुरतला गेली. तिथं साड्यांच्या घड्या घालायचं काम धरलं. बस्तान बसलं की पोराला न्यायचं तिच्या मनात होतं, पण दिरानं पोरगा पाठवला नाही. पुढं नवरा वारला, तेही तिला उशिरा कळलं. भागवत चुलत्याकडे वाढला, आणि आई आपल्याला टाकून गेली एवढंच त्याला सांगण्यात आलं. सोळा वर्षांनी ती परत आली तेव्हा त्यानं दार उघडलं नाही. मग ती गावातच, तीन गल्ल्या सोडून, एक खोली घेऊन राहिली. त्यालाही चार वर्षं झाली होती. युनिटमध्ये दोघं कामाला, पण ती सेटवर असली की तो गाडी सोडून आत यायचा नाही.

खरं सांगते, हे कळल्यावर मला कावेरीची पहिल्यांदा लाज वाटली. मी तिला इतकी वर्षं मजेत वाईट केलं होतं. घर सोडून गेलेली आई म्हणजे कारस्थानी, हे आम्ही रोज बावीस मिनिटं लोकांच्या मनावर ठोकत होतो, आणि त्या लोकांत भागवत होता.

मग श्रावणात सरांच्या डोक्यात कानबाई आली. कुणीतरी त्यांना सांगितलं की हा खास खानदेशी सण आहे, आणि वाहिनीला खास हवं असतं. बाहेरच्यांसाठी सांगते, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तिच्यासाठी रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. त्याचे गहू आधी मोजून घ्यायचे असतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, नाव घेऊन. तो गहू मग त्या त्या माणसाचा. तो निवडायचा, घरच्या जात्यावर दळायचा, रोट करायचे आणि संपवायचे. त्यातला दाणाही वाया घालवत नाहीत. मोजणीत बायकांचं नाव कुठंच नसतं आणि कामात बायकांशिवाय कुणी नसतं, पण तो विषय आत्ता काढत नाही.

सरांचा प्रसंग असा होता. घरात गहू मोजणं चाललंय. पाच नावं घ्यायची. पाचवं नाव कावेरीच्या धाकट्या मुलाचं, शंतनूचं. ते ऐकताच कावेरी दारातून येते आणि सुपाला लाथ मारते. गहू अंगणभर उधळतात, कॅमेरा तीनदा जवळ येतो, ढोल. आठवडाभर हेच जाहिरातीत दाखवायचं ठरलं होतं. मी म्हटलं, सर, रोटाच्या गव्हाला लाथ नको. ते म्हणाले, ताई, तुम्ही सासूला दोनदा विष दिलंय. मी म्हटलं, सासूचं निराळं आणि कानबाईचं निराळं. ते हसले. बँक आटलेली, सण पुढच्या रविवारवर आलेला, आणि दुसरा प्रसंग लिहायला लेखकाला वेळ नव्हता. लाथ मारायची नसेल तर कावेरीला परदेशी पाठवून टाकू, असंही ते जाता जाता बोलून गेले. परदेशी पाठवणं म्हणजे आमच्या धंद्यात नोकरीवरून काढणं.

गहू मोजताना फक्त हात दिसायचे होते. सरांनी विचारलं, कुणाचे हात चांगले आहेत? मीच अक्काचं नाव सुचवलं. त्यात माझं काही कारस्थान नव्हतं, शपथेवर सांगते. तिचे हात खरोखर सुंदर होते, लांब बोटांचे, साड्यांच्या घड्या घालून सरळ झालेले. तिच्याकडून पाच नावं पाठ करून घेतली. बायका कुरकुरत होत्या, पण नावं सगळी खोटी, मालिकेतली, म्हणून चालवून घेतलं. लाथेचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

टेक सुरू झाला. मी दाराआड नथ सावरून उभी. अक्का अंगणात बसलेली, पुढ्यात सूप, शेजारी गव्हाचं पोतं. तिनं मूठ भरली, पहिलं नाव घेतलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. तिचा हात संथ, ठाम चालला होता. चौथ्या मुठीला ती किंचित थांबली, आणि ओंजळीतल्या गव्हाकडे बघत म्हणाली, “भागवत.” सव्वा मूठ सुपात टाकली. मग पाचवी भरली आणि म्हणाली, “ओम.”

तिच्या लक्षातही आलं नव्हतं. वीस वर्षं गहू मोजायला न मिळालेल्या हाताला खोटी नावं तीनच मुठी आठवली, पुढं त्याला आपलीच माणसं माहीत होती. शंतनू म्हटलं की मी यायचं होतं. शंतनू आलाच नाही. मी दारात आले होते, पण पाय उचललाच जाईना. बायकांनी तोंडाला पदर लावले. अक्कानं मान वर केली, सगळ्यांकडे बघितलं, आणि मग तिला कळलं.

सर ओरडले, कट, नाव चुकलं, गहू परत ओता, पुन्हा घेऊ. अक्कानं सुपावर दोन्ही हात पसरले. तिच्या मागं बसलेली एक म्हातारी सरांना म्हणाली, “मोजेल गहू परत वतता येत नही. एकदाव नाव लिधं का तो गहू त्यान्हाच.” सरांनी मला विचारलं, या काय म्हणताहेत? मी भाषांतर केलं. ते म्हणाले, ठीक आहे, दुसरं सूप आणा, दुसरे गहू आणा, हे बाजूला ठेवा आणि ताई लाथ मारतील. आता बायकांना लाथ कळली. सगळ्या एकदम उठल्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की हे नावाचे गहू घरी कोण नेणार, भागवत तर नेणार नाही, मग त्या पोराचं कसं होईल. अक्का ते ऐकून रडायला लागली. चुकून का होईना, आपण नातवाचं नाव घेऊन गहू उघड्यावर टाकले, असं तिला वाटलं असणार.

मला त्या क्षणी दोनच गोष्टी समजत होत्या. लाथ मारायची नाही, आणि नोकरी घालवायची नाही. मी दारातून अंगणात उतरले, तिसऱ्या पायरीवर पाय वाकडा टाकला आणि जोरात खाली बसले. आई गं म्हणून अशी किंचाळले की स्वयंपाकी पातेलं सोडून धावत आला. हौशी रंगभूमीवर तीस वर्षं काढली, पण एवढा मनापासून अभिनय मी आधी कधी केला नव्हता. सर धावले. लाथ मारायचाच पाय, म्हणाले. मी कण्हत होकार दिला. गाडी काढा, डॉक्टरकडे न्या, अशी धावपळ सुरू झाली आणि कुणीतरी भागवतला हाक मारली.

तो धावतच आत आला. आईला बघून थबकला, परत फिरणार होता, पण मी खाली बसलेली. त्याला मला उचलायचं होतं आणि मी सुपाच्या अगदी शेजारी पडले होते. हे मात्र योगायोगानं झालं नव्हतं. मघाची म्हातारी त्याला म्हणाली, “भागवत, तुन्हा नावना गहू मोजाई गया. पोऱ्याना बी.”

भागवतनं सुपाकडे बघितलं. आईकडे बघितलं. तिनं मान खाली घातली, हात अजून सुपावरच होते. मी दुखऱ्या पायाला धरून बसले होते. नंतर कळलं की मी दुसराच पाय धरला होता. भागवतची आई गेल्यापासून त्या घरात रोट झाले नव्हते, त्याचे गहू चुलत्याकडे मोजले जायचे. शेवटी त्यानं गळ्यातला रुमाल काढला, सुपावर झाकला, सूप उचललं आणि आईकडे न बघता म्हणाला, “आते मोजी टाकात ना आम्हना नावना गहू. मंग दळी कोन? चाल घर.”

अक्का उठली. पदर सावरून त्याच्या मागोमाग निघाली.

मला बाकीच्यांनी धरून गाडीत बसवलं. पुढं भागवत, मागं मी आणि अक्का, तिच्या मांडीवर सूप. गाडी आधी भागवतच्या घरापाशी थांबली. दारात त्याची बायको आशा आली, तिनं सासूकडे बघितलं, सूप बघितलं आणि काही न विचारता ते हातात घेतलं. अक्का उंबऱ्याशी घुटमळली, मग आत गेली. ज्या बाईचा पाय मोडला होता ती गाडीत बसून हे सगळं बघत होती आणि तिची काही तक्रार नव्हती. पाच-सात मिनिटांनी भागवत परत आला आणि म्हणाला, ताई, आता दवाखाना? मी म्हटलं, आता एवढं नाटक केलंय तर चल.

डॉक्टर आमचे प्रेक्षक होते. त्यांनी दोन्ही पाय दाबून बघितले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, बँडेज कुठल्या पायाला बांधू? मी म्हटलं, जो सोयीचा असेल त्याला. सेटवर कुठल्या भागात कोणती बांगडी, कोणती टिकली, कोणती जखम याची नोंद ठेवणारी एक मुलगी असते. तिनं माझं बँडेज बघितलं, वहीत ‘डावा’ असं लिहिलं आणि मला म्हणाली, ताई, आता डावाच हं. मी तीन आठवडे लंगडले. मग लेखकानं कावेरीला चांदीच्या मुठीची काठी दिली, ती लोकांना इतकी आवडली की पुढं ती काढताच येईना. खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून मी वर्षभर काठी टेकत खून केले.

त्या प्रसंगाचं काय झालं, तर सरांनी लाथ काढून टाकली. त्यांच्याकडे एवढंच होतं की कावेरी दारात येते, गहू मोजणाऱ्या हातांकडे बघते आणि तिचं पाऊल उचलत नाही. आवाज काढून टाकला, वर ढोलाऐवजी बासरी घातली. लोकांना वाटलं कावेरी विरघळली. वाहिनीचं म्हणणं पडलं की खलनायिका मवाळ झाली, म्हणून पुढच्या आठवड्यात मला विहिरीत एक माणूस टाकावा लागला. वर्षभरानं मालिका बंद झाली, पंधरा दिवसांच्या सूचनेनं. कावेरीला मुलांनी शेवटच्या भागात माफ केलं, पण ते फोनवर, कारण मोठ्या मुलाचं काम करणारा नट तोवर दुसऱ्या मालिकेत गेला होता. सात वर्षांच्या ताटातुटीचा शेवट मी एका बंद मोबाईलशी बोलून केला. याची चुटपुट मला अजून आहे. ज्या आईला घरात घ्यायचं की नाही यावर दोन खरी माणसं इतकी वर्षं झुरली, तिला आम्ही समोरासमोर उभंसुद्धा केलं नाही.

पण ते नंतरचं. त्या श्रावणातला रविवार सांगायचा राहिला.

कानबाईच्या रविवारी चित्रीकरणाला सुट्टी नव्हती, मला मात्र पायाची रजा होती. मी शिरपूरहून रिक्षा करून गावात गेले, बँडेजसकट. भागवतचं घर सारवलेलं, दाराला तोरण, आत गाण्यांचा गलका. चौरंगावर कानबाई, नथ घालून. अक्का चुलीपुढं बसली होती, तोंडावर धूर, हातावर पीठ, आणि एकीकडे आशाला रोट किती जाड थापायचा ते दटावून सांगत होती. दटावण्याइतकी ती आठ दिवसांत घरची झाली होती. आशाही उलटून काही म्हणत होती. ओम आजीच्या पाठीवर लोंबकळत होता. भागवत मला बघून बाहेर आला, खुर्ची दिली, पाय कसा आहे विचारलं, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळा हसला. मालिकेबद्दल त्यानं त्या दिवशी काही विचारलं नाही, आणि नंतरही कधीच नाही.

तुपाचा, पुरणाचा वास सुटला होता. पानं मांडली गेली, भाऊबंद बसले. मी खुर्चीत बसून वाट बघत होते, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. अक्का ताट घेऊन बाहेर आली. ताटात भात, भाजी, खीर होती, आणि रोट नव्हता. मी थट्टेनं म्हटलं, अक्का, ज्याच्यासाठी पाय मोडून घेतला तो रोट कुठाय?

अक्का माझ्यासमोर ताठ उभी राहिली. पदर खोचलेला, हाताला पीठ. जिला वीस वर्षं ना घर होतं ना मोजणी, ती बाई घरच्या मालकिणीच्या आवाजात मला म्हणाली, “रोट तुले देता येत नही, बाई. बाहेरनाले चालत नही. हाऊ आम्हना घरना शे.”

आजवर मला हजारो लोकांनी घराबाहेर काढलं आहे. एवढा आनंद त्यांतल्या कुणीच दिला नाही.